थोड्या भांडवलातला महाप्रलय

महायुद्ध, साथ, अणुस्फोट, हिमयुग किंवा आकाशातून आलेला एखादा अज्ञात जीव, यांपैकी कशाने तरी जगाची घडी विस्कटते. शहरे ओस पडतात. मूठभर माणसे एखाद्या घरात किंवा गोदामात दारे लावून बसतात आणि बाहेर काहीतरी वावरत असते. प्रलयोत्तर विज्ञान-भयपटाची ही ढोबळ चौकट. अशा कथांवर हॉलिवूडमध्ये अब्जावधी रुपये खर्च होतात, हे खरे; परंतु या प्रकाराला आकार देणारे अनेक चित्रपट तुटपुंज्या पैशांत तयार झाले, हेही तितकेच खरे. जगाचा अंत इतक्या स्वस्तात कसा दाखवता येतो? आणि ज्या कोल्हापुराने हाताने घडवलेल्या कॅमेऱ्यावर आपल्या चित्रपटसृष्टीचा पाया घातला, त्या शहराला या प्रकाराशी काही देणेघेणे असू शकते का? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

पडीक घर आणि चॉकलेटचा पाक

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे जाहिरातपट तयार करणारा जॉर्ज रोमेरो हा तरुण आणि त्याचे सहकारी यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक भयपट करायचे ठरवले. दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर घालून सुरुवात केली आणि अखेरीस सुमारे एक लाख चौदा हजार डॉलरमध्ये चित्रपट पूर्ण झाला. १९६८ मध्ये प्रदर्शित झालेला हा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. मृतदेह उठून जिवंत माणसांवर तुटून पडतात, ही त्याची कल्पना. पुढे जगभर ‘झोंबी’ चित्रपटांची जी लाट आली, तिचे मूळ या चित्रपटात आहे.

त्याच्या निर्मितीचा तपशील कोणाही होतकरू दिग्दर्शकाने अभ्यासावा असा आहे. पाडायला काढलेले एक शेतघर चित्रीकरणासाठी मिळाले. ते पडणारच असल्यामुळे त्याची दारे-खिडक्या फोडायला कोणाची हरकत नव्हती. फिल्म कृष्णधवल घेतली, कारण ती स्वस्त होती. कृष्णधवल चित्रात रक्ताचा लाल रंग दिसत नाही. त्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचा पाक चालून गेला. पैसे गुंतवणाऱ्यांपैकी एकाचा मांसविक्रीचा व्यवसाय होता; अंगावर काटा आणणाऱ्या दृश्यांसाठीचे मांस त्याच्याकडून आले.

यापेक्षा महत्त्वाची आहे ती कथेतील काटकसर. संकट देशभर पसरल्याचे प्रेक्षकांना कळते ते केवळ रेडिओ आणि टीव्हीच्या बातम्यांतून. शुक्राकडून परतणाऱ्या यानातील किरणोत्सर्गाने हे घडले असावे, हा विज्ञानकथेचा धागाही बातमीतच येतो. प्रत्यक्ष पडद्यावर असते एक घर, एक रात्र आणि सात माणसे. तळघरात लपायचे की वरच्या मजल्यावर राहून सामना करायचा, यावर त्यांचे भांडण जुंपते आणि बाहेरच्या मृतांइतकेच हे भांडण त्यांचा घात करते. नायकाची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केली होती. रात्रभर तग धरलेला हा नायक सकाळी मदतीला आलेल्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीला बळी पडतो, कारण ते त्याला मृतांपैकी एक समजतात. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झालेल्या वर्षी अमेरिकी प्रेक्षकाला या शेवटाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

रिकामेपणाचा हिशेब

ऐतिहासिक चित्रपटाला वाडे, घोडे, पोशाख आणि फौज लागते. जग संपल्यानंतरच्या कथेत यातले काहीच लागत नाही, कारण नसणे हाच तिचा विषय असतो. बंद पडलेली गिरणी, गवत माजलेले अंगण, गंजलेली यंत्रे हे तिथले नेपथ्य. ते उभारावे लागत नाही, शोधावे लागते. पात्रे कमी, त्यामुळे मानधन कमी. वीज गेलेली, त्यामुळे कंदिलाचा किंवा विजेरीचा अपुरा उजेड कथेशी सुसंगत ठरतो. निर्मात्याची गरिबी आणि कथेतील जगाची गरिबी अशी एकरूप झाली, की प्रेक्षकाला ती उणीव वाटत नाही.

फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर याने १९६२ मध्ये हा विचार टोकाला नेला. त्याचा ‘ला जेटे’ हा अठ्ठावीस मिनिटांचा चित्रपट तिसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या पॅरिसविषयी आहे. भूमिगत निवाऱ्यात जगणारे लोक एका कैद्याला काळाच्या प्रवासाला पाठवतात. हा जवळजवळ संपूर्ण चित्रपट स्थिर छायाचित्रांचा आहे. निवेदन, संगीत आणि एकामागून एक येणारी छायाचित्रे, एवढ्यावर तो उभा आहे. हलते दृश्य अगदी क्षणभरच येते: झोपेतून जागी होणारी एक स्त्री डोळे उघडते. एरवी सामान्य वाटणारी ही हालचाल तिथे चमत्कारासारखी भासते.

नव्या तंत्रज्ञानाने हीच वाट आणखी सोपी केली. डॅनी बॉइल यांच्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ (२००२) या ब्रिटिश चित्रपटाचा नायक रुग्णालयात शुद्धीवर येतो आणि निर्मनुष्य लंडनमधून चालत सुटतो. एवढे मोठे शहर दिवसभर बंद ठेवणे कोणालाच शक्य नव्हते. म्हणून पहाटेच्या थोड्याशा वेळात, वाहतूक काही मिनिटांपुरती थांबवून ही दृश्ये टिपण्यात आली. मोठे फिल्म कॅमेरे मांडण्यातच तो वेळ गेला असता. त्याऐवजी छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी हातात मावणारे डिजिटल व्हिडिओ कॅमेरे वापरले. एकाच वेळी अनेक ठिकाणी कॅमेरे लावता आले. चित्र काहीसे खरखरीत आले. परंतु घाईत टिपलेल्या वृत्तचित्रणासारखा तो खरखरीतपणा भीती वाढवणाराच ठरला.

बाबूरावांचा कॅमेरा

काटकसरीतून कल्पकता, हे सूत्र कोल्हापूरला अजिबात नवे नाही. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पाहून चित्रपटाकडे वळले. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो स्वतःच बनवण्याचा ध्यास त्यांनी घेतला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशभर एक कोटीहून अधिक बळी घेतले, ते हेच वर्ष. तानीबाई कागलकर यांचे आर्थिक साहाय्य आणि राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय यांवर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. मेस्त्री घराण्यातील हे बाबूराव पुढे बाबूराव पेंटर म्हणून ख्यातनाम झाले.

भीती आणि हिंसा पडद्यावर कितपत दाखवावी, हा वादही कोल्हापूरच्या पहिल्याच मोठ्या चित्रपटापासून सुरू झाला. ‘सैरंध्री’ (१९२०) मधील भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब उतरला होता, की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला, सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या मूकपटाला त्यामुळे रात्र सापडली.

आजच्या भयपटाच्या दृष्टीने मात्र सर्वांत बोलका दाखला ‘सावकारी पाश’चा आहे. १९२५ च्या या मूकपटाची बोलपट आवृत्ती बाबूरावांनी १९३६ मध्ये केली. अंधुक उजेडात लांबून दिसणारी एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे विव्हळणे, एवढेच असलेले तिच्यातील एक दृश्य निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनावर कायमचे कोरले गेले होते. त्या दृश्यात ना राक्षस आहे, ना भूत. जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचे जग संपत आले आहे, हे केवळ अपुऱ्या उजेडातून आणि एका आवाजातून कळते. प्रलयोत्तर भयपटाचे व्याकरण नेमके हेच असते. जे दिसत नाही त्याची भीती अधिक वाटते, आणि न दिसणारे सुचवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे आवाज. म्हणूनच थोड्या पैशांत असा चित्रपट करणाऱ्याने कॅमेऱ्यात काटकसर केली तरी चालते; ध्वनीत केलेली काटकसर मात्र चित्रपट बुडवते.

विज्ञान कुठून आणायचे?

या प्रकाराचे दुसरे अंग विज्ञानाचे. त्याचाही एक धागा कोल्हापूरला येऊन मिळतो. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी याच शहरात झाला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर मराठी विज्ञानकथेला त्यांनी स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिलेली होती. त्यांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईत बर्फ पडतो आणि येऊ घातलेल्या हिमयुगाचा इशारा देणाऱ्या शास्त्रज्ञाकडे जग दुर्लक्ष करते. मुंबईकराच्या खिडकीबाहेर बर्फ, या एका प्रतिमेतच वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते.

नारळीकरांचे संशोधनही कथाकाराच्या कल्पनेला खाद्य पुरवणारे होते. हैदराबादहून २००५ मध्ये सोडलेल्या बलूनमधून वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने घेण्यात आले. या प्रयोगाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्या नमुन्यांत पृथ्वीवर तोवर नोंद नसलेल्या जिवाणूंच्या तीन प्रजाती आढळल्याचे २००९ मध्ये ‘इस्रो’ने जाहीर केले. ते परग्रहावरून आले, असे यातून सिद्ध होत नाही आणि संशोधकांनी तसा दावाही केला नाही. परंतु विज्ञानकथा सुरू होते ती नेमकी अशाच जागी. सिद्ध झालेले काय आणि शक्य काय, यांतील अंतरात लेखक एक प्रश्न रोवतो. त्या प्रश्नाला पुरेसा शास्त्रीय आधार असेल, तर मोठ्या प्रयोगशाळेचे नेपथ्य नसले तरी चालते. आधार नसेल, तर कोट्यवधींचे नेपथ्यही कथेला सावरू शकत नाही.

डोंबिवलीत आलेले मृत

मराठीत झोंबींचा पहिला लक्षणीय प्रयोग झाला तो आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’चा. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी, करोनाच्या साथीचे सावट पुरते सरले नसताना प्रदर्शित झाला. त्याचा सूर विनोदी आहे आणि त्यात जगाचा पूर्ण अंतही होत नाही. तरीही परदेशी कल्पना आपल्या मातीत रुजवताना काय करावे लागते, हे त्यातून दिसते. टोलेजंग गृहसंकुल आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यातील दरी हा त्याच्या कथेचा कणा आहे. संकट आल्यावर भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न डोंबिवलीच्या रहिवाशाला परका वाटत नाही.

रोमेरोच्या चित्रपटातही मुळात हेच होते. मृत माणसे उठतात ते निमित्त; जिवंत माणसे एकमेकांशी कशी वागतात, तो विषय. हा विषय नसेल, तर झोंबीपट म्हणजे रंगभूषेचे प्रदर्शन ठरते.

पंचगंगेने घेतलेली परीक्षा

मग कोल्हापूरच्या मातीतली अशी कथा कोणती असेल? त्यासाठी परग्रहापर्यंत जाण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम महाराष्ट्रात प्लेग पसरला, तेव्हा करवीर संस्थानातही गावे रिकामी करून माणसांना शिवारातील झोपड्यांत हलवावे लागले. २०२० च्या टाळेबंदीत गजबजलेले रस्ते ओस पडले. आणि त्या दोहोंच्या मध्ये, अलीकडच्या पिढीच्या डोळ्यांसमोर घडलेला प्रसंग म्हणजे ऑगस्ट २०१९ चा महापूर.

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहराचा संपर्क तुटला. उपसा केंद्रे बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असूनही नळाला पाणी नव्हते. पेट्रोलची टंचाई झाली. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारखी गावे रिकामी करावी लागली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसांनी भरलेली नाव उलटली आणि अनेकांना जलसमाधी मिळाली.

या घटनांची यादी वाचली तरी लक्षात येते, की प्रलयोत्तर चित्रपटाला लागणारे सारे प्रसंग इथे प्रत्यक्ष घडून गेले आहेत. नावेत आधी कोणी बसायचे? दावणीची जनावरे सोडायची की माणसांबरोबर न्यायची? गच्चीवर अडकलेल्या चार कुटुंबांत पिण्याचे पाणी कसे वाटायचे? दिवे गेलेल्या गल्लीत रात्री आलेला आवाज मदतीचा की चोराचा? यातल्या एकाही प्रसंगाला संगणकीय करामतीची गरज नाही.

इथेच खरी जबाबदारी येते. ज्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून पुसलेली नाही, त्या घरांतील माणसे हाच चित्रपट पाहायला येणार आहेत. त्यांच्या दुःखाचे निव्वळ नेपथ्य केले, तर तो चित्रपट त्यांना अपमान वाटेल. भयपटाला कल्पनेचे आवरण असते, ते यासाठीच. प्रत्यक्ष महापुराऐवजी भविष्यातील एखादे संकट कल्पिले, की खऱ्या माणसांच्या जखमांना न डिवचता खरा प्रश्न विचारता येतो. वाईट काळात शेजारी शेजाऱ्याला ओळखतो का, हा तो प्रश्न. कोल्हापुरात त्याचे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी आले. पुराच्या दिवसांत तालमी, मंडळे आणि सामान्य घरे मदतीला धावली, हे शहराने पाहिले आहे. अमेरिकी झोंबीपटात माणसे एकमेकांवर उलटतात, हा जवळजवळ नियमच असतो. तो नियम इथे जसाच्या तसा उचलला, तर कथा खोटी पडेल.

हिशेबाच्या वहीतील धोके

कमी खर्चात चित्रपट करणे म्हणजे निष्काळजीपणे करणे नव्हे. रोमेरोच्या चित्रपटाचे मूळ नाव ऐन वेळी बदलले गेले आणि नव्या नामफलकावर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार त्यामुळे तो सार्वजनिक मालकीचा झाला. पुढे तो जगभर कोणीही दाखवू शकत होते. परंतु कर्त्यांच्या हाती त्या लोकप्रियतेच्या मानाने फारच थोडे लागले. कॅमेरा उधारीचा असला तरी चालतो, कागदपत्रे मात्र पक्की असावी लागतात, हा त्यातला धडा.

आपल्याकडे दुसरा अडसर प्रमाणपत्राचा. केवळ प्रौढांसाठीचे ‘ए’ प्रमाणपत्र मिळाले, की दूरचित्रवाणीची वाट बंद होत असे आणि मराठी निर्मात्याच्या हिशेबात त्या हक्कांचे उत्पन्न मोलाचे असते. चित्रपट कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा चित्रपटाला दूरचित्रवाणीसाठी वेगळे प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांतही सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे आले. कीचकवधावर कात्री चालली तेव्हा असे मधले मार्ग नव्हते. रक्तपाताऐवजी आवाज आणि अंधार यांवर भिस्त ठेवणाऱ्या भयपटाला या बदलाचा लाभ मिळू शकतो.

तिसरा धोका सर्वांत जवळचा आहे. कोल्हापुरात मोरेवाडीची चित्रनगरी आहे, उद्यमनगरात हवा तो सुटा भाग घडवून देणारे कारागीर आहेत, पन्हाळ्याजवळचे मसाई पठार आणि गगनबावड्याचे धुके आहे. परंतु चित्रपटाचा वारसा सांगणाऱ्या वास्तू एकेक करून संकटात सापडल्या. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत १९४८ मध्ये भस्मसात झाला. भालजींनी तो पुन्हा उभारला. त्याच स्टुडिओच्या जागेच्या विक्रीवरून २०२२ मध्ये शहरातील कलावंतांना आंदोलन करावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत होरपळले. आग विझल्यावरही लोक तिथे जमत राहिले, कारण ती वास्तू शहराच्या आठवणींचा भाग होती.

थोड्या भांडवलातील प्रलयपट कोल्हापूरने करावा, यामागचे कारण केवळ तो स्वस्तात होईल हे नाही. काय वाचवायचे, काय सोडायचे आणि जे उरले त्यातून पुन्हा कसे उभे राहायचे, हे प्रश्न या चित्रप्रकाराच्या मुळाशी आहेत. या शहराने ते पुराच्या पाण्यात, जळालेल्या स्टुडिओत आणि बाबूरावांच्या कारखान्यात वेगवेगळ्या रूपांत सोडवले आहेत. बाबूरावांना कॅमेरा स्वतः बनवावा लागला. आजच्या तरुणाच्या खिशातील मोबाइलमध्ये तो आधीच आहे. त्याला घडवायची आहे ती कथा.